‘किरकोळ आजार’ म्हणणाऱ्या आमच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब,
आणि शिक्षणाधिकारी साहेब,

सादर नमस्कार.

मी खान्देशातल्या एका तापीकाठच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग शिकवते. जिल्ह्याचं, तालुक्याचं, गावाचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ती माणसं मला रोज भेटतात आणि माझं त्यांच्याशी भांडण नाही. डिसेंबरमध्ये मी आपल्या कार्यालयात एक अर्ज दिला होता, पोचही घेतली होती. गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत कांजण्या झाल्या, किंवा कांजण्या झालेल्या माणसाशी तिचा जवळून संपर्क आला, तर आरोग्य केंद्राने नेमकं काय करायचं याची लेखी सूचना आहे का, आणि नसेल तर ती काढावी, एवढीच विनंती होती. तीन महिन्यांनी उत्तर आलं. सदर आजार किरकोळ स्वरूपाचा असून वेगळ्या सूचनांची आवश्यकता वाटत नाही. खाली सही, शिक्का.

ते पत्र मी पाच महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन वाचलं. तिला झोप लागेपर्यंत परत परत वाचलं. मग ठरवलं की आता जे लिहायचं ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं, कारण आता पुन्हा मार्च आला आहे आणि आमच्या वाडीवर दोन घरांच्या दाराला निंबाचे टहाळे लागले आहेत, म्हणजे तिथे कांजण्या निघाल्या आहेत.

गेल्या वर्षी असाच मार्चचा पहिला आठवडा होता. बाहेर ऊन तापायला लागलेलं, आणि माझ्या वर्गातला एक मुलगा पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून आला. का रे म्हणून विचारलं तर मान खाली. बाही वर केली तर कोपरापर्यंत पाणी भरलेले फोड, मानेवर फोड, एक डाव्या पापणीच्या कडेला. चड्डीच्या खिशात निंबाचा पाला, त्याच्या आईने ठेवलेला. आई-बाप दोघं केळीच्या बागेत मजुरीला जातात, घरी ठेवणार कोणाजवळ? आणि शाळेत दुपारची खिचडी तरी मिळते. त्या माउलीला मी दोष देत नाही. मी त्याचं तोंड पुसलं, शाळेच्या ओट्यावर सावलीत बसवलं, त्याच्या आजीला निरोप धाडला. आजी येईपर्यंत तासभर तो माझ्या मांडीला टेकून बसला होता.

मला तेव्हा आठवा आठवडा चालू होता. हे मला आणि माझ्या नवऱ्यालाच माहीत होतं. आपल्याकडे तीन महिने भरल्याशिवाय दिवस गेल्याचं कोणी बोलत नाही, दृष्ट लागते म्हणतात. साहेब, हा रिवाज आपल्यालाही माहीत आहे. पण बाळाचे हात, पाय, डोळे, मेंदू घडतात ते याच महिन्यांत, आणि याच महिन्यांत बाई कोणाला सांगू शकत नाही की मला या वर्गापासून जरा लांब बसवा. मी मुख्याध्यापकांना काहीच बोलले नाही. त्या आठवड्यात वर्गातली आणखी दोन मुलं आजारी पडली आणि मी त्यांच्या वह्या तपासत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र मी आरोग्य केंद्रात गेले. गरोदर आहे आणि कांजण्या झालेलं मूल माझ्याजवळ तासभर होतं, हे स्पष्ट सांगितलं. उत्तर मिळालं, “मॅडम, कांजण्या तर सगळ्यांनाच होतात. फोड आले तर या.” तुम्हाला स्वतःला लहानपणी होऊन गेल्या आहेत का, हे कोणी विचारलं नाही. घरी येऊन मी आईला फोन केला. आई म्हणाली, अंगावर काहीतरी उठलं होतं खरं, पण तो गोवर होता की कांजण्या, ते नाही सांगता येणार.

हा एक प्रश्न किती मोलाचा आहे हे मला नंतर कळलं. ज्या बाईला कांजण्या होऊन गेल्या आहेत तिला बहुतेक वेळा पुन्हा होत नाहीत, तिला धीर देऊन घरी पाठवता येतं. जिला आठवत नाही तिच्या रक्तात या आजाराची प्रतिकारशक्ती आहे का, हे एका साध्या तपासणीत समजतं. ती नसेल, तर संपर्क आल्यापासून दहा दिवसांच्या आत व्हॅरिसेला झोस्टर इम्युनोग्लोब्युलिन नावाचं इंजेक्शन देता येतं. ते महाग आहे, आमच्यासारख्या गावात कुठून मिळणार, हे मी समजू शकते. पण काही देशांत आता त्याऐवजी संपर्कानंतरच्या सातव्या दिवसापासून विषाणूविरोधी गोळ्या सुरू करतात, आणि त्या गोळ्या आपल्याकडच्या औषधाच्या दुकानात मिळतात. म्हणजे माझ्याकडे दहा दिवस होते. ते दहा दिवस मी ‘फोड आले तर या’ या शब्दांवर काढले. उष्ण प्रदेशात लहानपणी कांजण्या न होता मोठी झालेली माणसं थंड देशांपेक्षा जास्त असतात, म्हणजे हा प्रश्न आमच्याकडेच जास्त विचारायला हवा.

चौदाव्या दिवशी रात्री कणकण आली. सकाळी आंघोळ करताना गळ्याखाली, मंगळसूत्राच्या वाट्यांच्या वरच्या बाजूला, एक फोड दिसला. खसखशीच्या दाण्याएवढा, टोकाला पाणी. दुपारपर्यंत पाठीवर पंधरा-वीस झाले.

सासूबाईंना तेव्हा सगळंच सांगावं लागलं. त्या घाबरल्या, पण हातपाय गाळून बसल्या नाहीत. मागच्या खोलीत बाज टाकली, तिच्यावर निंबाचा पाला अंथरला आणि दाराला टहाळा बांधला. भाजीला फोडणी बंद, घरात मोठ्याने बोलणं बंद. शेजारची काकू डोकावली तर तिला अंगणातूनच सांगितलं, “माता निंघेल शे, आत नको येऊ माय, तुन्ही सून पोटुशी शे.” अंगावर असे फोड उठले की आमच्याकडे माता, म्हणजे देवी, निघाली म्हणतात. साहेब, ही गोष्ट मी मुद्दाम इतकी सविस्तर सांगते आहे. सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. देवीचा रोग आपल्या देशातून १९७७ साली आणि साऱ्या जगातून १९८० साली संपल्याचं जाहीर झालं हे त्यांना माहीत नाही, कांजण्यांचा विषाणू त्याहून वेगळा आहे हेही माहीत नाही. पण घरातल्या आजाराची खूण दाराला बांधायची आणि पोटुशी बाईला लांब ठेवायचं, एवढं त्यांना माहीत होतं.

आता आपल्या दवाखान्यात काय झालं ते ऐका. त्याच दुपारी नवऱ्याने मला गाडीवर बसवून केंद्रात नेलं. तपासणीचा दिवस होता. केसपेपर काढला आणि मला बाकावर बसायला सांगितलं. त्या बाकावर माझ्याशिवाय पाच बायका होत्या, पाचही गरोदर. एक तर अगदी दिवस भरत आलेली. मी पदर अंगभर घेऊन कोपऱ्यात सरकले, खिडकीवरच्या सिस्टरना जाऊन सांगितलं की मला फोड आलेत, मी बाहेर झाडाखाली थांबते. त्या म्हणाल्या, नंबर जाईल. सव्वा तास मी त्या बाकावर होते. कांजण्या हवेतूनही पसरतात, फोड यायच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पसरतात. बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत आईला फोड आले तर नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतं. त्या दिवस भरलेल्या बाईचं काय झालं, मी अजून शोधते आहे. तिचं गाव मला ठाऊक नाही. वर्ष झालं, पण तो बाक माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

डॉक्टर बैठकीसाठी तालुक्याला गेले होते. क्रोसिन आणि अंगाला लावायचं कॅलामाइन मिळालं. तेवढं ठीकच होतं, तापाला पॅरासिटामॉलच द्यावं लागतं. पण त्या दिवशी फोड येऊन चोवीस तास झाले नव्हते, आणि याच चोवीस तासांना महत्त्व आहे. असायक्लोव्हिर नावाच्या गोळ्या, ८०० मिलिग्रॅमची एक, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. फोड आल्यापासून चोवीस तासांत सुरू केल्या तर आजाराचा जोर कमी होतो. वीस आठवड्यांच्या पुढे त्या द्याव्यातच असं स्त्रीरोगतज्ज्ञ मानतात, त्याआधी डॉक्टरांनी बाईशी बोलून ठरवायचं असतं. पहिल्या तिमाहीत घेतलेल्या असायक्लोव्हिरमुळे जन्मदोष वाढल्याचं आजवरच्या मोठ्या नोंदींत दिसलेलं नाही. औषध जुनं आहे, स्वस्त आहे, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मला ते द्यायचं की नाही हे ठरवायला तिथे कोणी नव्हतं. नाही द्यायचं असं कोणी विचार करून ठरवलं असतं तर मी आज हे पत्र लिहिलं नसतं.

रात्री ताप वाढला. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथे कंपाउंडरने विचारपूस न करता डायक्लोफिनॅकची सुई भरली. “मी गरोदर आहे” हे मी सुई दंडाजवळ आल्यावर ओरडून सांगितलं. कांजण्यांत या जातीची वेदनाशामकं टाळायची असतात, कारण त्वचेत जंतुसंसर्ग खोल जाण्याचा धोका वाढतो, आणि गरोदरपणात तर ती टाळायचीच असतात. तिथल्या डॉक्टरांनी सुई ठेवून दिली, माझ्याकडे न पाहता माझ्या नवऱ्याला म्हणाले, “कितवा महिना? तिसरा? मग पाडून टाका. बाळ वेडंवाकडं निपजेल, जन्मभर सांभाळावं लागेल.”

पुढचे दोन दिवस आमच्या घरात चूल पेटली ती कोणीतरी पेटवायची म्हणून. सासरे ओसरीवर बसून राहिले. नवरा मोबाइलवर वाचायचा आणि मोबाइल उपडा ठेवायचा. मी बाजेवर पडून पोटावर हात ठेवायची आणि काढून घ्यायची, आपल्या हाताचं पाणी बाळाला लागेल की काय असं वाटायचं. मी पदवीधर आहे, मुलांना परिसर अभ्यास शिकवते. तरी असं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी एका ओळखीच्या आशाताईंनी जिल्ह्याच्या ठिकाणी एका सरकारी रुग्णालयात जायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा मला वेगळ्या खोलीत बसवलं. मग छातीला नळी लावली, श्वास मोजले, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं. म्हणाल्या, गोळ्यांची वेळ आता निघून गेली आहे, पण आपली छाती स्वच्छ आहे. धाप लागली, छातीत दुखलं, खोकला वाढला, सुस्ती आली, फोडांतून रक्त दिसलं किंवा फोड दाट होऊन ताप हटला नाही, तर रात्री दोन वाजता असलं तरी इथेच यायचं. मोठ्या माणसाला कांजण्यांत न्यूमोनिया होऊ शकतो आणि गरोदर बाईला तो जड जातो, तेव्हा शिरेतून औषध द्यावं लागतं. आईच्या जिवाची काळजी आधी, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. तोवर सगळे बाळाबद्दलच बोलत होते.

मग मी विचारलं, पाडायचं का?

त्या म्हणाल्या, “मॅडम, तुमच्या शाळेचा पट किती?”

मी म्हटलं, दोनशे चाळीस.

“दोनशे चाळीस बायकांना तुमच्या आठवड्यात कांजण्या झाल्या, तर त्यांतल्या साधारण एकीच्या बाळाला या विषाणूची इजा होते. तेराव्या ते विसाव्या आठवड्यात झाल्या तर साधारण पाच जणींच्या. गर्भ गळण्याचा धोकाही यामुळे वाढल्याचं दिसत नाही. ती एक तुम्ही असाल का, हे आज कोणीच सांगू शकत नाही, मीही नाही. पण पाच आठवडे जाऊ द्या, मग सोनोग्राफीत आपण बाळाचे हातपाय, डोकं नीट बघू. अठरा-एकोणीस आठवड्यांना पुन्हा बघू. त्यानंतरही ठरवायला वेळ असतो.”

साहेब, मी रोज हजेरी घेते. दोनशे चाळीस म्हणजे किती, हे मला प्रार्थनेच्या रांगांमध्ये दिसतं. त्या दिवशी मी घरी येऊन जेवले.

एकोणिसाव्या आठवड्याची सोनोग्राफी नीट आली. ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली, धडधाकट. माझी गोष्ट तिथे संपते आणि मी डिसेंबरमध्ये अर्जही दिला नसता. पण बाळंतपणात भेटायला आलेल्या आशाताई पलीकडच्या गावातल्या एका सुनेबद्दल बोलल्या. तिला माझ्यामागून महिनाभराने कांजण्या झाल्या, चौथ्या महिन्यात. तिलाही तेच ऐकवलं गेलं, पाडून टाका. आठ वर्षांनी राहिलेलं होतं. आठवड्याच्या आत पाडलं. शंभरातल्या साधारण दोघींच्याच बाळाला इजा होते हे तिला कोणी सांगितलं नाही, सोनोग्राफीसाठी थांबता येतं हे सांगितलं नाही. कायद्यानेही घाई नव्हती. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, काही बायकांना चोवीसपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि बाळात मोठा दोष आढळला तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो. सगळं समजून घेऊन तिने तोच निर्णय घेतला असता तर तो तिचा हक्क होता आणि मी तिच्या बाजूने उभी राहिले असते. पण तिला निर्णय घेऊच दिला नाही. भीती दाखवून तो उरकला गेला.

आशाताईंनी सांगितलं, ती सून आजही निंबाच्या झाडाखालून जात नाही.

या आजाराला आपल्या पत्रात किरकोळ म्हटलं आहे. मुलांमध्ये तो बहुतेक वेळा तसाच असतो, हे मी वर्गात दरवर्षी बघते. पण तुमच्याच खात्याला विषाणू आणि गरोदर बाई ही जोडी चांगली ठाऊक आहे. रुबेला पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाला होणारी इजा कांजण्यांपेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणून तर २०१८ च्या नोव्हेंबरात आम्ही शिक्षकांनी शाळाशाळांत रांगा लावून गोवर-रुबेलाची लस टोचून घेतली. पालक घाबरले होते, मी स्वतः घरोघर गेले होते. २०२४ साली पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले तेव्हा गरोदर बायकांची तपासणी करा, बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवा, अशी सूचना केंद्राने राज्यांना दिली. म्हणजे सूचना निघते, यंत्रणा हलते. कांजण्यांची लस तर राष्ट्रीय लसीकरणात नाहीच, ती ज्याला परवडेल त्याने खाजगीत घ्यायची. लस नाही, तर निदान सूचना तरी असायला नको का?

आणि मी तर पक्क्या रस्त्यावरची बाई. नवऱ्याकडे गाडी आहे, जिल्ह्याचं ठिकाण दीड तासावर आहे. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरात पाड्यावरून बाईला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, नर्मदेकाठच्या गावांना बोट ॲम्ब्युलन्सची वाट बघावी लागते. तिथल्या आश्रमशाळांत एका खोलीत तीस-चाळीस मुलं झोपतात, एकाला कांजण्या झाल्या की रांगेने सगळ्यांना होतात, आणि त्यांना भाकरी करून घालणारी, अंथरूण आवरणारी बाई तरणीताठी असते. तिचा तो दुसरा महिना आहे का, हे विचारायला तिथे कोण आहे? तिला धाप लागल्यावर चोवीस तासांत कोण पोचणार? खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. माहिती तिथपर्यंत आली आहे, पुढचे शेवटचे तीस-चाळीस किलोमीटर राहिले आहेत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

गरोदर बाईची नोंदणी बारा आठवड्यांच्या आत करा असं तुम्हीच सांगता. त्या वेळी रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, कावीळ ब, सगळं तपासता. त्याच वेळी एक प्रश्न विचारा: तुम्हाला कांजण्या होऊन गेल्या आहेत का? उत्तर कार्डावर लिहा. ‘आठवत नाही’ असेल तर तेही लिहा, आणि तिला सांगा की घरात, शेजारात, शाळेत कोणाच्या अंगावर फोड दिसले तर त्याच दिवशी यायचं, फोड यायची वाट बघायची नाही. याला एक रुपया लागत नाही.

एका पानाची मराठी सूचना काढा. तिच्यात तीन गोष्टी हव्यात: संपर्क आला तर काय, फोड आले तर पहिल्या चोवीस तासांत काय, आणि कोणत्या लक्षणांवर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात. ती प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर लागू द्या. नंदुरबारच्या डोंगरात पावरी, भिलीतही ती आशाताईंच्या तोंडून जाऊ द्या. डॉक्टर बैठकीला गेले असतील तर सिस्टरनी कोणाला फोन करायचा, तो नंबर त्याच पानावर असू द्या. माझ्या चोवीस तासांत एक फोन झाला असता तरी पुरे होतं.

अंगावर फोड असलेल्या माणसाला गरोदर बायकांच्या बाकावर बसवू नका. वेगळी खोली नसेल तर झाडाखाली खुर्ची द्या आणि नंबर राखून ठेवा. दाराजवळ पाटी लावा. माझ्या सासूबाईंना जे एका टहाळ्याने जमलं ते आरोग्य केंद्राला जमायला हवं.

असायक्लोव्हिरच्या गोळ्यांचा एका बाईला पुरेल एवढा साठा, म्हणजे पस्तीस गोळ्या, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फेब्रुवारी ते मे या काळात ठेवा.

कांजण्या झाल्या म्हणून गर्भपात करा असा सल्ला कुठल्याही सरकारी दवाखान्यातून, आणि शक्य तिथे खाजगीतूनही, आकडे समजावल्याशिवाय आणि सोनोग्राफीची वेळ सांगितल्याशिवाय दिला जाऊ नये, असं लेखी बजावा. त्या सोनोग्राफीची तारीख बाईच्या कार्डावर लिहून द्या, प्रवासाची सोय करून द्या. ज्या बाईला सगळं ऐकूनही गर्भ नको असेल तिला अडवू नका.

शिक्षणाधिकारी साहेब, आपल्याकडे माझं मागणं वेगळं आहे. वर्गात एका मुलाला कांजण्या झाल्या की मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षिकांना, अंगणवाडीताईंना, खिचडी शिजवणाऱ्या बायकांना त्याच दिवशी सांगावं. आणि त्यांतल्या कोणीही, कारण न सांगता, तीन आठवडे वर्ग बदलून मागितला तर तो द्यावा. कारण न सांगता, हे फार महत्त्वाचं आहे. कारण विचारलंत तर बाई गप्प बसेल, मी बसले होते. आजारी मुलाला सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी राहू द्या, त्याची हजेरी बुडवू नका, आणि त्याच्या वाटणीचा कोरडा शिधा घरी पोचवा. कोरोनाच्या वेळी आपण तो पोचवलाच होता, मी स्वतः तांदूळ, हरभऱ्याची पोती मोजून दिली आहेत. तो मुलगा स्वेटर घालून आला तो खिचडीसाठी आला होता.

शेवटचं मागणं लशीचं. कांजण्यांची लस जिवंत विषाणूची असते, गरोदरपणात ती देत नाहीत. म्हणून लहान मुलांमध्ये काम करणाऱ्या ज्या बायकांना कांजण्या झालेल्या नाहीत त्यांना दिवस जायच्या आधी, किंवा बाळंतपणानंतर, दोन डोस सरकारी खर्चाने मिळावेत. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती घेता येते. अंगणवाडी, आशा, प्राथमिक शिक्षिका, आश्रमशाळेतल्या बायका, एवढ्यांपासून सुरुवात करा. सगळ्या गावाची लस मी आज मागत नाही.

महिनाभरात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आहे. गावोगाव माहेरवाशिणी येतील, झाडांना झोके बांधतील, गौराईची गाणी म्हणतील, भाचरांना कडेवर घेऊन फिरतील. त्यांत कितीतरी जणींना नुकतेच दिवस गेले असतील आणि त्यांनी ते अजून आईलाही सांगितलं नसेल. कडेवरच्या भाच्याच्या अंगावर फोड दिसले तर त्यांनी कुठे जायचं, हे आखाजीच्या आत ठरवा.

येत्या ९ तारखेला आमच्या केंद्रावर गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस आहे. मी लेकीला घेऊन तिथे येणार आहे आणि बाकावर बसलेल्या प्रत्येकीला विचारणार आहे की कांजण्यांचा प्रश्न तुम्हाला विचारला का. जी उत्तरं मिळतील ती लिहून आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका